अमेरिकेचा इतिहास घरी शिकवताना: गोष्टीच्या पुस्तकांपासून सुरुवात

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी आई-बाबांपुढे एक अडचण हमखास येते. मूल पहिली-दुसरीत जातं, जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र रंगवून घरी आणतं, काहीतरी विचारतं, आणि आपल्या लक्षात येतं की हा इतिहास आपण शाळेत कधी शिकलेलोच नाही. मग आपण इंटरनेटवर सनावळ्या शोधतो किंवा जाडजूड वर्कबुक विकत घेतो. चार पानं झाल्यावर ते कपाटात जातं.

आपण स्वतः इतिहास कसा शिकलो ते आठवून पाहा. चौथीच्या पुस्तकातले शिवाजी महाराज आपल्या मनात बसले ते प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीमुळे, आग्र्याहून सुटकेमुळे, पावनखिंडीत उभ्या राहिलेल्या बाजीप्रभूंमुळे. सन आणि तह नंतर आले, आणि आधीच्या गोष्टींच्या आधाराने टिकले. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना अमेरिकेचा इतिहासही असाच शिकवता येतो. एक माणूस, त्याची एक अडचण आणि चांगलं चित्र असलेलं एक पुस्तक एवढ्यावर सुरुवात होते. तुम्हाला आधी काही माहीत असण्याची गरज नाही. मुलाबरोबर तुम्हीही पहिल्यांदाच वाचत असाल तर उलट चांगलं, कारण तुमचं कुतूहल खरं असतं आणि ते मुलांना लगेच कळतं.

हा लेख शाळेनंतर घरी थोडं वाचून घेणाऱ्यांसाठी आहे, तसाच मुलांचं पूर्ण शिक्षण घरी करणाऱ्यांसाठीही. घरी शिकवणं अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नोंदणी, विषय आणि परीक्षा यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. पूर्णवेळ घरी शिकवणार असाल तर आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याचे नियम आधी वाचा.

पहिली पायरी: ग्रंथालयाचं कार्ड

पुस्तकं विकत घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड रहिवाशांना मोफत मिळतं. पत्त्याचा पुरावा न्यावा लागतो. मुलाच्या नावाचं स्वतंत्र कार्ड काढा, कारण स्वतःच्या कार्डावर पुस्तक घेण्याचा अभिमान मुलांना बरेच दिवस पुरतो.

मुलांच्या विभागात इतिहासाची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरलेली असतात, आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. माहितीपर पुस्तकं ९७३ या क्रमांकाच्या कपाटात मिळतात. त्यातच ९७३.३ च्या आसपास स्वातंत्र्ययुद्ध आणि ९७३.७ च्या आसपास यादवी युद्ध असतं. मूळ रहिवाशांविषयीची बरीच पुस्तकं ९७० मध्ये असतात. चरित्रं बहुतेक ठिकाणी वेगळ्या कपाटात, ज्याचं चरित्र आहे त्याच्या आडनावानुसार लावलेली असतात. आणि सर्वांत सुंदर पुस्तकं, म्हणजे इतिहासावरची चित्रपुस्तकं, बऱ्याचदा छोट्यांच्या गोष्टींमध्ये लेखकाच्या आडनावाखाली लपलेली असतात. ती कपाट चाळून सापडत नाहीत. त्यासाठी मुलांच्या विभागातल्या ग्रंथपालांकडे जा आणि नेमकं विचारा: "सहा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवायला बोस्टनच्या चहावर चित्रपुस्तक हवं आहे." (बोस्टनचा चहा म्हणजे इंग्रजांच्या कराविरुद्ध बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या बंदरात फेकल्या ती घटना.) हेच त्यांचं काम आहे आणि ते त्यांना मनापासून आवडतं. आपल्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर दुसऱ्या गावाहून मागवून देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ग्रंथालयाच्या कार्डावर चालणाऱ्या लिबी ॲपवर ध्वनिपुस्तकंही मिळतात, आणि लांबच्या गाडीप्रवासात त्यांचा मोठा उपयोग होतो.

सणावारांची पुस्तकं मात्र महिनाभर आधी राखून ठेवा. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा, जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांचा, फेब्रुवारी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा. त्या आठवड्यात गेलात तर कपाट रिकामं सापडेल.

दुसरी पायरी: कोलंबसापासून सुरुवात करू नका

मोठ्यांना वाटतं की १४९२ पासून क्रमाने जावं. लहान मुलाला १४९२ आणि १९९२ यांतला फरक जाणवत नाही, त्याच्यासाठी दोन्ही "खूप पूर्वी". म्हणून सुरुवात युद्धाने किंवा राष्ट्राध्यक्षाने न करता रोजच्या जगण्याने करा: तेव्हा लोक काय खायचे, कपडे कुठून यायचे, दिवा कसा लागायचा.

यासाठी माझ्या मते 'ऑक्स-कार्ट मॅन' या पुस्तकाला तोड नाही. मजकूर कवी डोनाल्ड हॉल यांचा, चित्रं बार्बरा कूनी यांची. १९८० साली या चित्रांना चित्रपुस्तकांसाठीचं काल्डेकॉट पदक मिळालं. न्यू इंग्लंडमधला एक शेतकरी ऑक्टोबरात बैलगाडी भरतो. घरच्या मेंढ्यांची लोकर, बायकोने विणलेली शाल, मुलीने विणलेले हातमोजे, मुलाने केलेले झाडू, मेणबत्त्या, बटाटे, सफरचंदं, मध, मेपलची साखर. डोंगर-दऱ्या ओलांडत तो पोर्ट्समथच्या बाजारात चालत जातो आणि सगळं विकतो. पोती-पिंपंही विकतो, गाडीही विकतो, आणि शेवटी बैलाच्या नाकाचा मुका घेऊन बैलही विकतो. घरासाठी लोखंडी भांडं, मुलीला सुई, मुलाला चाकू आणि सगळ्यांना पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन परततो. घरी आल्यावर पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं.

बैल विकला म्हणून बरीच मुलं हिरमुसतात. तिथे थांबा, बोलू द्या. गोठ्यात वासरू वाढतंय हे चित्रात शोधायला सांगा. मग व्हिडिओ कॉलवर आजीला विचारा की तिच्या लहानपणी गावात कोणत्या गोष्टी घरीच व्हायच्या आणि कोणत्या बाजारातून यायच्या. गोधडी, शेवया, सांडगे यांची यादी ऐकताना मुलाच्या लक्षात येतं की शेतकऱ्याचं घर फार परकं नव्हतं. सनाचा उल्लेखही न करता इतिहासाचा पहिला धडा इथे होऊन जातो.

तिसरी पायरी: पुस्तक उभ्या उभ्या तपासायचं कसं

इतिहासाची वाईट पुस्तकं भरपूर आहेत, आणि ती दिसायला छान असतात. कपाटाशी उभं राहून पाच मिनिटांत बरंच कळतं.

आधी शेवटचं पान उघडा. चांगल्या चित्रपुस्तकात तिथे लेखकाची टीप असते: यातलं खरं किती, कल्पनेने भरलेलं किती, माहिती कुठून घेतली. टीप नसली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही, पण असली तर लेखकाने प्रामाणिक काम केलं आहे असं समजायला हरकत नाही.

मग अवतरणातली वाक्यं पाहा. दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस स्वयंपाकघरात बायकोशी काय बोलला हे लेखकाला कसं कळलं? जीन फ्रिट्झ या लेखिकेने मुलांसाठी बेंजामिन फ्रँकलिन, पॉल रिव्हियर, राजा तिसरा जॉर्ज यांची छोटी, हसरी चरित्रं लिहिली आणि एकही संवाद मनाने न रचण्याचा नियम पाळला. त्या स्वतः चीनमधल्या हॅन्को शहरात जन्मल्या आणि तिथेच वाढल्या. अमेरिका त्यांनी आधी पुस्तकांतून आणि आजीच्या पत्रांतून ओळखली. दूर राहून एका देशाकडे पाहणाऱ्या मुलीची उत्सुकता त्यांच्या पुस्तकांत आहे. आपल्या मुलांना ती जवळची वाटते त्यामागे हेही कारण असावं.

तिसरं, चित्रांतले चेहरे पाहा. २०१६ च्या जानेवारीत एका मोठ्या प्रकाशकाने वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवरचं एक चित्रपुस्तक बाजारातून मागे घेतलं. त्यात वॉशिंग्टनचा गुलाम असलेला स्वयंपाकी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी हसतमुखाने राबताना दाखवले होते. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये पळून गेला. ज्या पुस्तकात मळ्यावरचे सगळे गुलाम आनंदी दिसतात ते कपाटात परत ठेवा.

चौथं, मूळ रहिवाशांना नावं आहेत का ते पाहा. वाम्पानोआग, ओजिब्वे, लकोटा, ओसेज ही वेगवेगळी राष्ट्रं, वेगवेगळ्या भाषा. जुन्या पुस्तकांत सगळ्यांना सरसकट "इंडियन" म्हटलेलं असतं, आणि आपलं मूल "म्हणजे आपण?" असं विचारणारच. प्रत्येक वेळी राष्ट्राचं नाव घेऊन बोलायची सवय लावली की हा गोंधळही संपतो आणि त्या लोकांना त्यांचा मानही मिळतो.

आणि चेरीच्या झाडाची गोष्ट. लहानग्या वॉशिंग्टनने झाड तोडलं आणि वडिलांना खरं सांगितलं, ही गोष्ट मेसन वीम्स या चरित्रकाराने रचली. त्याच्या पुस्तकाच्या १८०६ च्या आवृत्तीत ती आली. ती खरी म्हणून सांगणारं पुस्तक घेऊ नका. ती कशी रचली गेली हे सांगणारं मिळालं तर मात्र जरूर घ्या. खरेपणाची शिकवण देण्यासाठी खोटी गोष्ट का रचली असेल, या प्रश्नावर सात वर्षांची मुलं तासभर बोलू शकतात.

चौथी पायरी: वाचायचं कसं

पंधरा-वीस मिनिटं पुरेत. रोज जमलं तर उत्तम, नाहीतर आठवड्यातून तीनदा. पुस्तक आधी स्वतः वाचून ठेवा, म्हणजे अवघड पान अचानक समोर येणार नाही. मजकूर इंग्रजीतच वाचा. त्यातली लय आणि नावं मुलांच्या कानावर तशीच पडू द्या. बोलणं मात्र मराठीत करा. "हा का लपला असेल?", "तुला काय वाटतं, आई रागावेल का?" असं. इतिहासाविषयी मराठीत बोलायची सवय या वयात लागली तर घरातली मराठी "जेवायला ये" आणि "दात घास" यांच्यापलीकडे जाते.

वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका. सन विचारू नका. मुलाला गोष्ट स्वतःच्या शब्दांत परत सांगू द्या, आणि ऐकणारं कोणीतरी खरं द्या. त्यासाठी आजी-आजोबांसारखं कोणी नाही. त्यांना खरंच माहीत नसतं की पॉल रिव्हियर कोण होता, त्यामुळे मुलाला समजावून सांगावंच लागतं. सांगताना काय गाळलं, काय उलटसुलट झालं, ते तुम्ही शेजारी बसून नुसतं ऐका. मध्येच दुरुस्त करू नका. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा वाचा.

मदतीसाठी तीनच प्रश्न हाताशी ठेवा. या माणसाला काय हवं होतं? त्याला कोणी किंवा कशाने अडवलं? आणि या चित्रात कोण दिसत नाही? यातला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण पुढची पायरी त्याच्यावरच उभी आहे.

पाचवी पायरी: एका घटनेची दोन पुस्तकं

या लेखातलं दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा. कोणतीही मोठी घटना एका पुस्तकावर सोडू नका. दुसऱ्या बाजूने सांगितलेलं एक पुस्तक त्याच आठवड्यात घरात येऊ द्या. तुम्हाला भाष्य करावं लागणार नाही, मूल स्वतःच दोन्ही शेजारी ठेवतं.

सोपी जोडी म्हणजे पॉल रिव्हियरची. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं त्याच्या आदल्या रात्री इंग्रज फौज येत असल्याचा इशारा द्यायला घोड्यावरून निघालेला हा बोस्टनचा कारागीर. लाँगफेलो यांची प्रसिद्ध कविता १८६० ची, म्हणजे घटनेनंतर पंच्याऐंशी वर्षांची. तिची घोडदौडीची लय मोठ्याने वाचायला बहारीची आहे. कवितेतला रिव्हियर एकटाच कॉन्कॉर्डपर्यंत पोचतो. जीन फ्रिट्झ यांच्या 'अँड देन व्हॉट हॅपन्ड, पॉल रिव्हियर?' या पुस्तकात खरं घडलेलं येतं. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री विल्यम डॉज हाही निरोप घेऊन निघाला होता. लेक्सिंग्टनच्या पुढे रिव्हियर इंग्रज गस्तीच्या हाती सापडला, आणि कॉन्कॉर्डला बातमी पोचवली ती सॅम्युएल प्रेस्कॉट या तरुण डॉक्टरने. आधी कविता वाचा, मग पुस्तक. पोवाडा आणि बखर यांतलं अंतर आपल्याला ठाऊक आहे. मुलांना ते इथे कळतं, आणि कविता आवडायचीही थांबत नाही.

थँक्सगिव्हिंगची जोडी जास्त महत्त्वाची, कारण शाळेत कागदी टोप्या घालून जी गोष्ट सांगितली जाते ती अर्धीच असते. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये इंग्लंडहून १०२ प्रवासी आले. पहिल्या हिवाळ्यात त्यांतले निम्मे मेले. पुढच्या शरदात तीन दिवस मेजवानी झाली, तिला वाम्पानोआग प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली. म्हणजे पाहुणे यजमानांपेक्षा संख्येने जास्त होते. मक्याची लागवड शिकवणारा टिस्क्वांटम इंग्रजी कसं काय बोलत होता? १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पळवलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो इंग्लंडला पोचला. १६१९ मध्ये घरी परतला तेव्हा त्याचं पटुक्सेट गाव साथीच्या रोगाने ओस पडलं होतं. त्याच जागी पुढच्या वर्षी प्लिमथची वसाहत उभी राहिली. हे सगळं सात वर्षांच्या मुलाला सांगता येतं. जोडीला २०२२ मधलं 'कीपुनुमुक' हे चित्रपुस्तक आणा. त्याच्या लेखकांपैकी एक वाम्पानोआग आहे, आणि गोष्टीत मका, घेवडा आणि भोपळा या तीन बहिणी पात्रं म्हणून येतात. शेतात या तिघी एकत्र लावायची त्यांची पद्धत होती. परसात जागा असेल तर मे महिन्यात लावून पाहा.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे आठ वर्षांच्या पुढे, एक भक्कम जोडी आहे: लॉरा इंगल्स वाइल्डर यांची 'लिटल हाउस' मालिका आणि लुईस अर्ड्रिक यांचं 'बर्चबार्क हाउस'. 'लिटल हाउस'मधलं घर बांधणं, लोणी काढणं, वादळातून वाट काढणं मुलांना खिळवून ठेवतं. त्यांना ती पुस्तकं जरूर द्या. पण इंगल्स कुटुंबाने कॅन्ससमध्ये जिथे झोपडी बांधली ती जमीन ओसेज राष्ट्राची होती. त्या भागावरच्या १९३५ च्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत असं होतं की तिथे माणसं नव्हतीच, फक्त इंडियन राहत होते. वाचकाच्या पत्रानंतर प्रकाशकाने ते वाक्य १९५३ मध्ये बदलून "माणसं" च्या जागी "वसाहतकरी" असं केलं. ही हकिकत मुलांना सांगा आणि ते वाक्य आपल्या प्रतीत शोधायला लावा.

मग 'बर्चबार्क हाउस' उघडा. १८४७ सालची, लेक सुपीरियरमधल्या एका बेटावरची ओमाकायस नावाची ओजिब्वे मुलगी, साधारण लॉराच्याच वयाची. तिच्याही घरात खोडकर भाऊ आहे, कडक शिस्तीची बहीण आहे, मेपलची साखर आहे. पण इथे गोऱ्या वसाहतींची सरकत येणारी हद्द दुसऱ्या बाजूने दिसते. एक सावधगिरी घ्या. हिवाळ्याच्या भागात देवीची साथ येते आणि घरातलं लहान बाळ जातं. ती प्रकरणं रात्री झोपताना वाचू नका. दुपारी वाचा, आणि नंतर बोलायला वेळ ठेवा.

सहावी पायरी: गुलामगिरी टाळायची नाही

"अजून लहान आहे, नंतर सांगू" असं वाटणं साहजिक आहे. पण ४ जुलैला मूल स्वातंत्र्याची गोष्ट ऐकतं, आणि ते स्वातंत्र्य कोणाला मिळालं नाही हे त्याला नंतर कळलं तर आधीची गोष्टही त्याला खोटी वाटू लागते. वयाला झेपेल तेवढंच सांगा, पण जे सांगाल ते सरळ सांगा. "मळ्यावर काम करायचे" असं म्हणू नका. माणसांना विकत घेतलं जायचं, मुलांना आई-बापांपासून तोडून विकलं जायचं, असंच म्हणा. मारहाणीची चित्रं या वयात दाखवायची गरज नाही. ताटातूट मुलांना पुरेशी कळते.

सहा-सात वर्षांसाठी 'हेन्रीज फ्रीडम बॉक्स' घ्या. लेखिका एलन लेविन, चित्रं काडिर नेल्सन यांची. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये तंबाखूच्या कारखान्यात राबणाऱ्या हेन्री ब्राउनची बायको-मुलं एके दिवशी दूर विकली गेली. १८४९ च्या मार्चमध्ये त्याने मित्रांच्या मदतीने स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून टपालाने फिलाडेल्फियाला पाठवलं. प्रवास २७ तासांचा, खोकं जेमतेम तीन फूट लांब, आणि वाटेत काही वेळ ते उलटंही ठेवलं गेलं. पुस्तक वाचल्यावर घरातलं मोठं खोकं आणून तेवढी जागा खडूने आखून दाखवा. मुलं त्यात बसून पाहतात आणि आपोआप गप्प होतात. मात्र तो खेळ होऊ देऊ नका. हेन्रीची बायको आणि मुलं त्या खोक्यात नव्हती, हेही आठवून द्या.

त्याच सुमाराला वॉशिंग्टनकडे परत या. ओना जज ही राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन यांची गुलाम दासी. १७९६ च्या मे महिन्यात, राष्ट्राध्यक्ष जेवायला बसलेले असताना, ती फिलाडेल्फियातल्या त्यांच्या घरातून बाहेर पडली आणि जहाजाने पोर्ट्समथला गेली. वॉशिंग्टन यांनी तिला परत आणण्याचे प्रयत्न केले. ती गेली नाही, आणि १८४८ पर्यंत जगली. एमिली आर्नल्ड मॅककली यांचं 'द एस्केप ऑफ ओनी जज' हे चित्रपुस्तक तिच्यावरच आहे. पोर्ट्समथ हे बैलगाडीवाल्या शेतकऱ्याच्या बाजाराचं गाव मुलाला आठवतं का पाहा. नकाशावर त्या गावाला दोन टाचण्या लावता येतात.

लिंकनवरून थेट मार्टिन ल्यूथर किंगवर उडी मारली की मुलांना वाटतं, दोन थोर माणसं आली आणि सगळं ठीक झालं. मध्ये रुबी ब्रिजेसला आणा. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लीन्समध्ये सहा वर्षांची कृष्णवर्णीय रुबी गोऱ्यांच्या शाळेत गेली, तेव्हा तिच्याबरोबर चार सरकारी मार्शल चालत होते आणि बाहेर जमाव ओरडत होता. गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली. वर्षभर वर्गात रुबी आणि तिच्या शिक्षिका बार्बरा हेन्री एवढ्या दोघीच होत्या. रुबीचा जन्म १९५४ चा, म्हणजे ती आपल्या मुलांच्या आजीच्या वयाची. हे आवर्जून सांगा. "खूप पूर्वी" एकदम आजीच्या लहानपणापर्यंत येऊन पोचतं.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या सद्गृहस्थांना अर्पण केलं, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. अमेरिकेत गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. तिची दखल पुण्यात घेतली गेली होती आणि तिच्यातून बळ घेतलं गेलं होतं. मोठ्या मुलाला हे सांगताना आपल्याकडच्या जातिभेदाविषयीही बोलावं लागेल. ते टाळू नये.

सातवी पायरी: भिंतीवरची पट्टी

पाच-सहा पुस्तकं झाली की मुलं विचारू लागतात, "हे आधी की ते आधी?" आता कालपट्टीची वेळ आली. तपकिरी कागदाचा रोल आणा आणि दर ५० वर्षांना एक फूट असं माप धरा. १६०० पासून आजपर्यंत साधारण साडेआठ फूट होतात. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं छोटं चित्र मुलाने काढून चिकटवायचं. न वाचलेलं काही लावू नका, रिकाम्या जागा राहू द्या.

पट्टीच्या वर अमेरिका, खाली महाराष्ट्र. मग गंमत सुरू होते. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले आणि त्याच वर्षी बोस्टन वसलं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ते १७८३ आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२, म्हणजे इंग्रज एकाच वेळी दोन्हीकडे लढत होते. वडगावला मराठ्यांनी त्यांना तहाला भाग पाडलं ते जानेवारी १७७९ मध्ये. १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. १८८६ मध्ये न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहिला, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनी नंतर अमेरिकेचं प्रवासवृत्त मराठीत लिहिलं, ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

एक माप मात्र जरूर दाखवा. या खंडावर माणूस किमान १३ हजार वर्षांपासून राहतो आहे. आपल्याच मापाने ती पट्टी २६० फूट होईल. मुलाला घेऊन १६०० च्या टोकापासून मागे चालत निघा, दाराबाहेर, रस्त्यावर. मूळ रहिवाशांचा इतिहास केवढा जुना, हे पायांना कळतं.

आठवी पायरी: जागा पाहायला जा, पण पुस्तकानंतर

वाचलेल्या माणसाची जागा पाहणं आणि कोरड्या मनाने फलक वाचत हिंडणं यांत फार फरक आहे. फिलाडेल्फियाला लिबर्टी बेलच्या शेजारी राष्ट्राध्यक्षांचं ते घर होतं जिथून ओना निघाली. मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथ-पटुक्सेट हे उघड्यावरचं संग्रहालय आहे. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या अस्थी आहेत, आणि त्या भागातल्या मराठी कुटुंबांनी तिथे एकदा जावंच. राष्ट्रीय उद्यानांच्या ऐतिहासिक जागांवर ज्युनिअर रेंजरची वही मागा. ती भरली की मुलाला शपथ देऊन बिल्ला देतात. मूल चौथीत असेल तर कुटुंबाला राष्ट्रीय उद्यानांचा वर्षाचा मोफत पास मिळतो.

शेवटची पायरी: आपलं स्वतःचं पुस्तक

अमेरिकेच्या इतिहासात आपणही आहोत, हे मुलाला कुठल्या तरी पुस्तकात दिसायला हवं. त्यासाठी ॲलन से यांचं 'ग्रँडफादर्स जर्नी' वाचा. जपानहून आलेल्या आजोबांची, दोन्ही देशांवर जीव असलेल्या माणसाची ही गोष्ट. मग थोडक्यात सांगा: १८८२ मध्ये चिनी मजुरांना येण्याची बंदी झाली, १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंड यांना ते गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि १९६५ मध्ये कायदा बदलला तेव्हा भारतातून मोठ्या संख्येने येण्याची वाट खुली झाली. आपण इथे आहोत त्यामागे हा कायदा आहे. तो घडवून आणणाऱ्या काळात किंग यांची चळवळ ऐन भरात होती, हे पट्टीवर दिसतंच.

यानंतर मुलाला सोळा कोऱ्या पानांची वही शिवून द्या. घरातल्या पहिल्या आलेल्या माणसाची, म्हणजे आई, बाबा, काका, जो असेल त्याची मुलाखत घ्यायची. कोणत्या वर्षी आलात? बॅगेत काय होतं? कोणाला मागे ठेवून आलात? पहिल्या दिवशी काय खाल्लं? एका पानावर एक उत्तर, समोरच्या पानावर चित्र. मसाल्याचा डबा विमानतळावर उघडायला लावला असेल तर तेही येऊ द्या. शेवटच्या पानावर मुलाने स्वतःच्या हाताने टीप लिहायची: ही माहिती कोणी सांगितली, कोणत्या तारखेला, आणि यातलं कोणतं चित्र मनाने काढलं आहे.